धूळ होलच्या आतच मारायची

पत्र : मी भंडारा जिल्ह्यातल्या एका गिट्टी खदानीत मेट, म्हणजे मुकादम आहे. आमच्याकडे दोन जॅकहॅमर आणि एक वॅगन ड्रिल आहे. सुरुंगाची होलं मारायचं सगळं ड्रिलिंग सुकंच, पाणी न लावता चालतं. दगड पांढरट, चकाकणारा आहे, बिट (रॉडचं दगड फोडणारं टोक) लवकर झिजते. दुपारपर्यंत ड्रिलरच्या भुवयासुद्धा पांढऱ्या होतात. आमचे जुने ड्रिलर काका बारा वर्षांपासून हेच काम करतात. त्यांना चढ चढताना दम लागतो. टीबीचा एक कोर्स पूर्ण झाला, आता पुन्हा सुरू करायला सांगितलं आहे. हेल्पर चोवीस वर्षांचा पोरगा, त्यालाही तीन महिन्यांपासून खोकला आहे. मालक म्हणतात, पाणी लावलं की चिखल होतो, रॉड फसतो, उन्हाळ्यात पाणी आणायचं कुठून, आणि मास्क देतोच ना. मास्क कागदी आहेत. सर, कोणता चांगला मास्क मागू? आणि मालकाशी हे बोलणं माझ्या हातात येतं का?

उत्तर : भाऊ, मास्कचं सांगतो, पण शेवटी. त्याआधीची कामं जास्त महत्त्वाची आहेत आणि त्यातलं पहिलं याच आठवड्यात व्हायला हवं.

काकांना घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या छाती विभागात जा. जाताना एका कागदावर चार ओळी लिहा: किती वर्षं ड्रिलिंग केलं, सुकं की ओलं, दगड कसा, दिवसाला साधारण किती तास. आधीचे सगळे एक्स-रे, टीबीच्या गोळ्यांचं कार्ड आणि थुंकीचे रिपोर्टही सोबत घ्या. हा कागद डॉक्टरांच्या हातात द्या आणि केसपेपरवर कामाचा इतिहास लिहून घ्यायची विनंती करा. मी एवढ्या आग्रहाने सांगतोय त्याला कारण आहे. सिलिकोसिस म्हणजे दगडाच्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात बसून होणारा आजार. त्याचे डाग एक्स-रेत टीबीसारखे दिसू शकतात. समोरचा माणूस काय काम करतो हे विचारलं गेलं नाही तर टीबीचे कोर्स मागून कोर्स होत राहतात, दम मात्र कमी होत नाही. उलटही घडतं. सिलिका बसलेल्या फुफ्फुसाला टीबी लवकर धरतो, त्यामुळे दोन्ही एकत्र असणंही नेहमीचं आहे. म्हणून चालू असलेल्या गोळ्या काकांनी मनाने बंद करायच्या नाहीत. छातीचा मोठा एक्स-रे, थुंकीची तपासणी आणि फुंकर मारून घेतात ती फुफ्फुसाच्या क्षमतेची चाचणी, या तिन्ही गोष्टी एकत्र बघून छातीच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

हेल्परचा खोकला तीन महिन्यांचा आहे. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला म्हणजे थुंकी तपासायचीच, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. तोपर्यंत दोघांनाही ड्रिलवरून उतरवा. काकांना दुसरं काम द्या: बिटांना धार लावणं, डिझेलचा हिशेब, गेटवर गाड्यांच्या नोंदी. पगार कापला जाणार नाही याबद्दल मालकाशी आधी बोला, नाहीतर काका स्वतःच परत मशीनवर उभे राहतील.

आता दगडाबद्दल. पांढरट, चकाकणारा, बिट खाणारा दगड म्हणजे त्यात क्वार्ट्झ, म्हणजेच मोकळी सिलिका, भरपूर आहे. भंडारा-गोंदियाकडचे नाइस, ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झाइट असेच असतात. पुणे-नगरकडच्या काळ्या पाषाणात मोकळी सिलिका फार थोडी असते. तिथली धूळ बरी असं माझं म्हणणं नाही, पण तिकडचा एखादा ड्रिलर वीस वर्षं सुकं काम करून धडधाकट दिसला म्हणून तुमच्याकडे तसं होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

भुवयांवर बसलेली पांढरी धूळ दिसते, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे जातं. खरा घात न दिसणारी धूळ करते. केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरा, तर फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचणारे कण दहा मायक्रॉनच्या आतले असतात आणि त्यातले बहुतेक पाचच्याही खालचे. मोठे कण नाकात, घशात अडकतात, थुंकीतून बाहेर पडतात. हे बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात आणि आत गेले की बाहेर येत नाहीत. दिवस मावळताना एखाद्या डंपरचा हेडलाइट बेंचवर, म्हणजे खदानीच्या ज्या पायरीवर ड्रिलिंग चालतं तिच्यावर, पाडून बघा. ड्रिल बंद होऊन अर्धा तास झाला असेल, तरी त्या झोतात धूर तरंगताना दिसेल. त्या हवेत तुमची माणसं चहा पीत असतात. त्यात ड्रिलची धूळ ताज्या फुटलेल्या क्वार्ट्झची असते, आणि ताजा फुटलेला कण जुन्या, रापलेल्या कणापेक्षा फुफ्फुसाला जास्त जाळतो.

फुफ्फुसात एकदा झालेले हे व्रण कोणत्याही औषधाने भरून येत नाहीत. काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९४० च्या दशकात हजारो कामगारांची पाहणी झाली, तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांच्या फुफ्फुसात सिलिकोसिस निघाला. तो आजार त्यांना तुमच्या काकांसारखंच खडक फोडायचं काम करताना लागला होता.

म्हणून धूळ हवेत उठूच द्यायची नाही. ती बिटच्या टोकाशी, होलच्या आतच ओली करायची. यासाठी लागणारं तंत्र सव्वाशे वर्षं जुनं आहे. १८९० च्या दशकात अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन जॉर्ज लेनर यांनी पोकळ रॉडचं ड्रिल बनवलं. रॉडच्या मधल्या भोकातून हवा सोडायची आणि भुगा बाहेर उडवायचा. काम झपाट्याने व्हायचं, पण धूळ इतकी उठायची की खाणकामगारांनी ते ड्रिल चालवायला नकार दिला. मग लेनर यांनी त्याच भोकातून हवेबरोबर पाणीही सोडलं. तुमच्या जॅकहॅमरचा रॉडही मधून पोकळ आहे, पण तुमच्याकडे आज त्यातून फक्त हवा जाते.

ओल्या जॅकहॅमरमध्ये मशीनच्या मागच्या बाजूने एक बारीक नळी आत जाते. तिला पाण्याची सुई म्हणतात. ती थेट रॉडच्या भोकात पाणी सोडते, पाणी बिटच्या तोंडाशी निघतं आणि भुगा गाऱ्यासारखा होऊन होलच्या कडेने वर येतो. असं आतून पाणी दिल्यावर श्वासात जाणारी धूळ सुमारे पंच्याऐंशी ते पंच्याण्णव टक्क्यांनी कमी झाल्याचं मोजमापांत दिसलेलं आहे. बाहेरून होलच्या तोंडावर पाइप धरला किंवा बादलीने पाणी ओतलं तर एवढा फरक पडत नाही, कारण धूळ तयार होते आत, बिटच्या टोकाशी. काहीच नसेल तर तेही करा, पण त्यावर समाधान मानू नका.

मालक म्हणतात रॉड फसतो. ते खोटं बोलत नाहीत, त्यांनी तसं पाहिलं असणार. पण रॉड फसतो तो पाणी कमी पडल्यामुळे. थोडंसं पाणी सोडलं की भुग्याची घट्ट कणीक होते, ती होलच्या भिंतीला चिकटते आणि रॉडला धरते. पुरेसं पाणी असलं तर गारा पातळ राहतो आणि वाहत वर येतो. कॉम्प्रेसरची हवा कमी पडत असेल किंवा बिट बोथट असेल तरीही असंच होतं. बोथट बिट दगड तोडत नाही, रगडते, आणि रगडण्यातून बारीक धूळ जास्त निघते. तेव्हा ग्राइंडरवर धार लावायचं काम काकांना दिलंत तर ते नुसतं वेळ काढायचं काम ठरणार नाही, धूळ कमी करायचाच तो एक भाग आहे.

पाणी लावताना दोन गोष्टी सांभाळा. पाण्याचा दाब मशीनवरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी ठेवायचा. तो वर गेला तर पाणी मशीनच्या पोटात शिरतं, तेल धुऊन नेतं आणि पिस्टन लवकर जातो. ‘पाण्याने मशीन खराब होतं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून आलेली असते. दुसरं म्हणजे पाणी आधी आणि हवा नंतर. होलला तोंड पाडताना, पहिल्या वीतभर खोलीत, सगळ्यात जास्त धूळ थेट ड्रिलरच्या तोंडावर येते, कारण तिथे अजून होलच झालेलं नसतं. ‘तोंड पडू दे, मग पाणी सोडू’ म्हणणारे ड्रिलर बरेच असतात. त्यांच्या मागे उभं राहून ही सवय मोडावी लागते.

पाण्याचा हिशेब मालकासमोर आकड्यांत ठेवा. एका जॅकहॅमरला मिनिटाला तीन-चार लिटर धरा. मशीन दिवसभर खदानीत असलं तरी बिट दगडात असते ती तीन-एक तास. म्हणजे दिवसाला साडेपाचशे ते सव्वासातशे लिटर. दोन मशीनला दीड हजार लिटरच्या आत. पाच हजार लिटरचा एक टँकर आणला तर किमान तीन दिवस चालतो. रस्त्यावर मारायला याहून जास्त पाणी जात असेल. खदानीच्या तळाशी साचलेलं पाणी वापरता येईल, पण त्यातली रेती आणि शेवाळ सुईत अडकतं. ते आधी टाकीत घेऊन बसू द्या, वरचं पाणी जाळीतून गाळून घ्या आणि सुई रोज उघडून फुंकून साफ करा. सुई तुंबली की मशीन गुपचूप सुकं चालायला लागतं आणि धूळ दिसेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. ओल्या बेंचवर पाय घसरतो, त्यामुळे गमबूट द्या आणि गारा वाहून जायला बाजूला चर काढा.

वॅगन ड्रिलची गोष्ट वेगळी आहे. तिथे हॅमर होलच्या आत उतरणारा असेल, म्हणजे डीटीएच, तर पाणी हवेच्याच लाइनमध्ये पंपाने सोडतात. तिथे जॅकहॅमरच्या उलट पंपाचा दाब हवेच्या दाबापेक्षा जास्त लागतो, नाहीतर पाणी लाइनमध्ये शिरतच नाही. पाण्याची सोय होत नसेल तर धूळ ओढणारा कलेक्टर बसवा: होलच्या तोंडावर झाकण किंवा रबरी पडदा, तिथून पाइप, चक्रीवादळासारखी हवा फिरवून मोठे कण खाली पाडणारा डबा आणि पुढे कापडी फिल्टर. कलेक्टर असूनही धूळ उडत असेल तर आधी पडद्याची खालची फट बघा. पडदा जमिनीपासून पाच सेंटिमीटरपेक्षा वर राहता कामा नये. फाटलेला पडदा तारेने बांधून चालवणं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे, त्याचा काही उपयोग होत नाही. कलेक्टरची ओढ होलमधून वर येणाऱ्या हवेच्या किमान दुप्पट हवी, तिप्पट असेल तर उत्तम. कलेक्टरचा डबा रिकामा होताना साठलेली धूळ उंचावरून जमिनीवर पडते आणि परत उडते, म्हणून त्या तोंडाला कापडी बाही लावून जमिनीपर्यंत आणा. ही बाही शिंप्याकडून शे-दोनशे रुपयांत शिवून मिळते. कॅबिन असलेलं ड्रिल भाड्याने आणलंत तर रॉड जोडताना ऑपरेटर दार उघडं ठेवतो का ते बघा. एका मोजमापात दार उघडल्यावर कॅबिनमधली धूळ सुमारे नऊपट झाली होती.

आता रोजच्या सवयी. होल झाल्यावर हवेने फुंकून साफ करतात तेव्हा पांढरा फवारा उडतो. फुंकण्याआधी होलमध्ये पाणी सोडा आणि फुंकताना बाकीच्यांना लांब पाठवा. दोन ड्रिल एका ओळीत वाऱ्याच्या दिशेने लावू नका, मागच्याची धूळ पुढचा खातो. वारा बाजूने येईल असं उभं राहा. अगदी पाठीवर वारा घेतला तर माणसाच्या पुढ्यातच भोवरा होतो आणि धूळ तोंडाशी येते.

सुट्टीच्या वेळी कॉम्प्रेसरच्या नळीने अंगावरचे कपडे झाडणं आजच बंद करा. हे मी विनंती म्हणून सांगत नाही. तुमच्या अधिकारात तुम्ही हे आजच थांबवू शकता. त्या एका मिनिटात माणूस सगळी धूळ स्वतःच्या तोंडावर उडवून घेतो, आणि दाबाची हवा कातडीत शिरून जखम होते ते वेगळंच. कपडे खदानीतच बदलायची सोय करा. तेच कपडे घरी आपटून धुताना बायकोच्या श्वासात तीच धूळ जाते आणि अंगणात पोरं खेळत असतात.

मास्कवर आता येतो. कागदी मास्क, रुमाल, दुपट्टा यांनी बारीक कण अडत नाहीत. भारतीय मानक ब्युरोची आयएस ९४७३ ही खूण असलेला, एफएफपी२ दर्जाचा मास्क मागा. दाढी असेल तर तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि कडेने हवा आत येते, म्हणून दाढी काढावी लागेल. श्वास घ्यायला जड वाटायला लागला, ओला झाला किंवा आकार बिघडला की बदलायचा, धुऊन परत वापरायचा नाही. मे महिन्यात, ४५ अंशांत, तो आठ तास घालून कुणी जॅकहॅमर दाबू शकत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून तो पाण्याच्या जोडीला द्या, पाण्याच्या ऐवजी नको.

राहिला मालकाशी बोलण्याचा प्रश्न. ते कदाचित म्हणतील, आमची गिट्टीची छोटी खदान आहे, आम्हाला खाण कायदा लागत नाही. १९५२ च्या खाण कायद्यात रस्त्याच्या खडीसारख्या खाणींना सूट होती खरी, पण तिच्या अटी एकत्र होत्या: खोली कुठेही सहा मीटरच्या वर नाही, एका दिवसात पन्नासपेक्षा जास्त माणसं नाहीत आणि स्फोटकं वापरत नाहीत. तुम्ही होल मारता ते सुरुंगासाठीच. म्हणजे ती सूट तुमच्या खदानीला नाही. आता तो कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे.

धुळीची मर्यादा मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, १९६१ च्या १२४ व्या कलमात आहे. श्वासात जाणाऱ्या धुळीत मोकळी सिलिका पाच टक्क्यांहून कमी असेल तर आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ३ मिलिग्रॅम. सिलिका त्याहून जास्त असेल तर १५ ला सिलिकेच्या टक्केवारीने भागायचं. तुमच्या धुळीत २५ टक्के सिलिका निघाली असं धरा: १५ भागिले २५, म्हणजे ०.६ मिलिग्रॅम. काळ्या पाषाणाच्या खाणीला जेवढी धूळ चालते तिच्या पाचव्या हिश्शाएवढीच तुम्हाला चालते. सुक्या जॅकहॅमरजवळ ही मर्यादा पाळली जाणं मला अशक्य वाटतं. माणसाच्या कॉलरला छोटा पंप लावून पूर्ण पाळीभर धूळ गोळा करतात आणि प्रयोगशाळेत सिलिका मोजतात. मालकाला ती मोजणी करून घ्यायला सांगा.

१९५५ च्या खाण नियमांप्रमाणे कामावर घेताना आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी छातीच्या एक्स-रेसह तपासणी मालकाच्या खर्चाने व्हायला हवी, ठेकेदाराच्या माणसांचीसुद्धा. काकांची बारा वर्षांत ती झाली का ते विचारा. झाली असेल तर ते जुने एक्स-रे मागून घ्या, निदानाला फार उपयोगी पडतील. सिलिकोसिस निघालाच तर तो खाण सुरक्षा महासंचालनालयाला कळवणं बंधनकारक आहे. त्यांचं कार्यालय नागपुरात आहे. तिथे तुम्ही स्वतःही लेखी कळवू शकता. ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, जुन्या कायद्यात खाणीला लागू नव्हती. भरपाई मिळायची ती १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यातून, त्यात सिलिकोसिस आणि सिलिकोसिससह झालेला टीबी हे दोन्ही व्यवसायजन्य आजारांच्या यादीत होते; आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. दाव्यासाठी काकांनी तिथे किती वर्षं काम केलं याचा पुरावा लागेल. हजेरीपट, पगाराच्या पावत्या, ओळखपत्र, जे मिळेल त्याच्या प्रती आत्ताच काढून ठेवा.

बोलणं तुमच्या हातात आहेच, कारण माणसं मेटच्या ताब्यात असतात. पण एकट्याने, चारचौघांत, तावातावाने बोलू नका. मालक एकटे असताना पाण्याचा हिशेब, सुईची किंमत आणि काकांचे कागद घेऊन बसा. आठवडाभर एकाच मशीनवर पाणी लावून बघू एवढंच मागा. त्या आठवड्यात किती फूट होल झाले, किती बिट गेल्या, रॉड किती वेळा फसला, हे वहीत लिहा. बोललेलं सगळं त्याच दिवशी तारखेसह लिहून सही करून द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. ऐकलं नाही तर नागपूरच्या कार्यालयात जाताना हीच प्रत लागेल.

तुमच्या दोन्ही जॅकहॅमरच्या पाटीवरचं मॉडेल आणि कॉम्प्रेसर किती सीएफएमचा आहे, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा देतो, ते मला कळवा. काही सुक्या मॉडेलना मागचा भाग बदलून सुई बसते, काहींना नाही. तुमच्या मशीनला बसते का आणि काय काय मागवावं लागेल, ते बघून सांगतो. काकांच्या एक्स-रेचा रिपोर्टही आला की लिहा.